सूर्यभान, २००९

अमरावतीत विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाकीब हुसेनचं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षांत या दुकानातून जेवढे डॉक्टर बाहेर पडले, तेवढे एखाद्या मेडिकल कॉलेजातूनही पडले नसतील. फरक एवढाच की यांतल्या एकालाही साधा ताप उतरवता येत नाही. काळ्या रेग्झिनचं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, आत अडीचशे पानं. पाच प्रती बगलेत मारून पोरगं जातं आणि सहा महिन्यांनी नावामागे डॉक्टर लावून पेढे द्यायला येतं.

शाकीब स्वतः बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला माणूस. पण गणिताची समीकरणं टाइप करावीत तर त्यानेच. वऱ्हाडात हे काम नीट करणारे मोजके, त्यामुळे परिसंस्थेचं गणित मांडणारी मंडळी, म्हणजे कोणता प्राणी कोणाला खातो, त्यामुळे कोणाची संख्या किती घटते-वाढते याची समीकरणं लिहिणारी मंडळी, अकोल्याहूनसुद्धा त्याच्याकडेच यायची. वर्षानुवर्षं टाइप करून करून ती समीकरणं त्याला वाचता यायला लागली. आणि वाचता यायला लागली तसा त्याला या धंद्याचा वीट यायला लागला.

कारण समीकरणं तीच असायची. एका वर्षी सगळ्यांना वाघ लागायचे. मग वाघ मागे पडले, हवामान बदल आला. तेच गणित, तेच आलेख, फक्त मथळ्यात हवामान बदल. गेल्या तीन-चार वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साथ आली, तर तीच जुनी फाइल काढून लोक म्हणायचे, "शाकीबभाई, हे दोन शब्द मथळ्यात बसवून द्या." शाकीब बसवून द्यायचा. संदर्भांची यादी तर व्हॉट्सॲपवर यायची. सात कॉलेजांच्या सात प्राध्यापकांचा एक ग्रुप होता. प्रत्येकाने आपल्या पेपरात बाकीच्या सहांचा उल्लेख करायचा असा तिथला रिवाज. याला सायटेशन म्हणतात. ज्याला जास्त सायटेशन, तो मोठा शास्त्रज्ञ. आपण ज्याचा उल्लेख करतोय तो पेपर वाचावा, असा आग्रह त्या ग्रुपात कोणी कधी धरला नाही. लग्नातल्या अहेरासारखं होतं ते. पाकीट कोणी उघडत नाही, यादीत नाव लागलं की झालं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर प्रणाली दुकानात आली. ही पातूरकडची शेतकऱ्याची पोरगी, अकोल्याच्या शेखर सरांकडे, म्हणजे ग्रुपातल्या त्या सातांपैकीच एकाकडे, पीएच.डी. करणारी. हरभऱ्यातली घाटेअळी आणि त्या अळीच्या अंगात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी, या दोघींच्या संख्येचं गणित हा तिचा विषय. इतरांसारखे घरबसल्या आकडे न लिहिता तिने तीन हिवाळे शेतात बसून अळ्या मोजल्या होत्या. तिचा निष्कर्ष असा की या दोघींची संख्या कधीच स्थिर होत नाही, सारखी वरखाली होत राहते. आणि चुकीच्या आठवड्यात फवारणी केली तर आधी मरते ती गांधीलमाशी, अळी नव्हे. शाकीबने तो पेपर टाइप केला तेव्हा त्याला फार वर्षांनी आपल्या कामाचा आनंद वाटला होता.

"शाकीबभाई, तुमच्याजवळ जुने थिसिस असतीन ना?" प्रणाली स्टुलावर टेकता टेकता बोलली. "मले सूर्यभानचा पेपर पायजे. दोन हजार नऊचा. नेटवर नुसतं नाव दिसते, पेपर कुठंच भेटून नाई राहिला."

"कोन सूर्यभान?"

"एस. पी. सूर्यभान. भक्ष्य-भक्षकाच्या समतोलावर लय मोठं काम हाय म्हनते. चौऱ्याहत्तर जनांनं त्याले सायटेशन देल्लं."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. जर्नलने पेपर तपासायला दिला होता, त्या तपासनिसाचा शेरा होता. लेखिकेला या क्षेत्रातलं पायाभूत काम ठाऊक नाही. अशा व्यवस्थेत संख्या अखेर स्थिर होते हे सूर्यभान यांनी २००९ मध्येच सिद्ध केलं आहे. लेखिकेने एकतर त्यांचं म्हणणं खोडून काढावं, नाहीतर आपला निष्कर्ष बदलावा. मुदत तीन आठवडे.

"मार्चमंदी माही नोंदनी संपते, भाई. त्याच्या आत पेपर नाई छापून आला तं थिसिस घेत नाईत. तीन वर्सं पान्यात."

"पायतो," शाकीब म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता कीबोर्ड पुसायला लागला.

पाहायचं काय होतं? सूर्यभान त्याच्या दुकानाला लागूनच चहाची टपरी चालवत होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी शाकीबने थिसिसची एक नमुना फाइल बनवली होती. संदर्भाच्या पानावर स्वल्पविराम कुठे, साल कुठे, पानाचा आकडा कुठे, हे पोरांना कळावं म्हणून त्याने एक खोटी नोंद ठोकून दिली. समोर सूर्यभान कपबशा विसळत होता, म्हणून लेखक सूर्यभान. नावाआधीची एस. पी. ही दोन अक्षरं मनाला आली ती. मथळा इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर 'भक्ष्य-भक्षकांच्या संख्येचा समतोल'. जर्नलचं नावही मनचंच. खोडून आपापले संदर्भ टाका, असं तो प्रत्येकाला सांगायचा. कोणी खोडलं नाही, कोणी विसरलं. आणि एकाच्या यादीत आहे म्हणून दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने त्याच्याकडून.

त्या दुपारी त्याने जुन्या फाइली उघडल्या. त्याच्याच दुकानातून गेलेल्या एकतीस थिसिसमध्ये सूर्यभान होता. सुरुवातीला नुसता यादीत. मग कोणीतरी मजकुरात लिहिलं, 'सूर्यभान यांनी म्हटल्याप्रमाणे'. मग 'सूर्यभान यांनी दाखवून दिल्याप्रमाणे'. एका महाभागाने तर 'सूर्यभान यांच्या प्रदीर्घ निरीक्षणांतून' असं लिहिलं होतं आणि शाकीबने ते स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं. घरून आलेला डबा त्याने तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी त्याने टपरीवर जाऊन सूर्यभानला सगळं सांगितलं. सूर्यभान आधी पोट धरधरून हसला.

"माह्या नावानं? मी तं चवथी नापास हाय न बाप्पा! चौऱ्याहत्तर लोकं मले मानतेत आन माही बायको मानत नाई."

हसणं ओसरलं तेव्हा त्याने विचारलं, "मंग त्या पोरीचं काय होते?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून शाकीब बडनेऱ्याला गेला आणि अकोल्याची गाडी धरली.

शेखर सर त्याला पंधरा वर्षं ओळखत होते. त्यांच्या खोलीत सत्काराच्या शाली खुर्चीच्या पाठीवर थप्पी करून ठेवलेल्या होत्या. शाकीबचं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं. वाटलं होतं, माणूस हादरेल. सर जरासुद्धा हादरले नाहीत.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "मीही एकदा शोधला होता तो पेपर. नाही मिळाला."

"मंग सर, तुमच्या तीन पेपरात..."

"अरे, सगळे देतात म्हणून दिला. कोणाचं काय बिघडलं? कोणी मेलं का?"

"त्या पोरीचे तीन हिवाळे गेले सर."

"तिला म्हणावं एक ओळ टाक, आमचे निष्कर्ष ढोबळमानाने सूर्यभान यांच्याशी जुळतात. पेपर आठवड्यात पास होतो की नाही बघ." मग ते पुढे झुकले आणि आवाज अगदी गोड केला. "आणि शाकीब, फाइल तुझी होती. उद्या बोंब झाली तर आम्ही सातही जण म्हणू, टायपिंगवाल्याने घातलं. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. शाकीबला त्या माणसाची शिसारी आली. तो गोड आवाज, त्या शाली, सरांनी मागवलेला आणि त्याने तोंड न लावलेला तो चहा, सगळ्याचीच. आणि तितकीच स्वतःची. परतीच्या गाडीत तो दाराशी उभा राहिला. मूर्तिजापूर गेल्यावर त्याने खिशातून फोन काढला आणि प्रणालीला उद्या दुकानात ये म्हणून सांगितलं.

ती आली. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. तो माणूस नाही, तो पेपर नाही, ते जर्नलही नाही. सगळं मी बनवलं, आणि सूर्यभान बाहेर भांडी घासून राहिला. प्रणालीने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मग तिचा जो तोल सुटला, तो सुटलाच.

"मी हरभऱ्याचा एकेक घाटा फोडून पायला भाई! थंडीत बोटं फाटली माही. बाबा म्हने, पोरगी हरभऱ्यात काय खजिना शोधून राहिली काय. आन तुमी बसल्या जागी पेपर लिवला, तो मोठा? माह्यावाला खोटा?"

"माफ कर बेटा."

"माफीचं काय करू मी? मले लिहून द्या."

हे मात्र शाकीबच्या मनात आलं नव्हतं. लिहून दिलं की धंदा बुडाला, हे दोघांनाही दिसत होतं. त्याने कोरा कागद ओढला, लिहिला, सही केली, दुकानाचा शिक्का मारला आणि साक्षीदार म्हणून सूर्यभानला बोलावलं. सूर्यभानने ओले हात धोतराला पुसून मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. एवढं प्रसिद्ध नाव, पण त्याला ते लिहायला पुरतं एक मिनिट लागलं.

जर्नलने ते पत्र मानलं. तपासनिसाने आपला शेरा मागे घेतला. माफी वगैरे अर्थातच मागितली नाही. फेब्रुवारीत पेपर छापून आला. त्यात प्रणालीने एक अख्खा परिच्छेद घातला की सूर्यभान, २००९ हा पेपर अस्तित्वातच नाही, त्याच्या नावावर चालणारा समतोलाचा दावा निराधार आहे, आणि प्रत्यक्ष मोजणी त्याच्या उलट सांगते. शेखर सरांनी पेपरावरून आपलं नाव काढून घेतलं. थिसिसवर सही मात्र केली, कारण एक विद्यार्थी डॉक्टर झाला की तोही त्यांच्या खात्यात जमा होतो. अकोल्याची गिऱ्हाइकं बंद झाली. शाकीब लग्नपत्रिका छापायला लागला. पत्रिकेत निदान नवरानवरी खरे असतात, असं तो म्हणायचा.

वर्षभराने प्रणाली पुन्हा आली, तेव्हा ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. अकोल्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली होती. तिचा अर्ज टाइप करायचा होता. अर्जात एक रकाना होता : प्रकाशित पेपरांना मिळालेली सायटेशन.

"अकरा झाले भाई," ती म्हणाली. पण चेहऱ्यावर काही आनंद दिसेना.

"दाखव बरं."

त्याने अकराच्या अकरा पेपर उघडून वाचले. दोघांनी तिचं काम खरंच वाचलं होतं; एकाने तर त्यात एक बारीक चूक काढून दाखवली होती, आणि ते वाचून शाकीबला बरं वाटलं. उरलेल्या नऊ जणांनी जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं. संख्या अखेर स्थिर होते, हा सूर्यभान यांचा निष्कर्ष असून प्रणाली यांच्या प्रत्यक्ष मोजणीने त्याला दुजोरा दिला आहे.

शाकीबने सूर्यभानचा आकडा काढून पाहिला. एक्क्याण्णव. त्यात प्रणालीचा पेपरही एक म्हणून धरलेला होता. मशीन नुसतं नाव मोजतं. शिवी दिली काय आणि हार घातला काय, त्याला सारखंच.

"थू!" शाकीब म्हणाला. मग अर्जाचं पान पुन्हा समोर घेऊन त्याने विचारलं, "किती टाकू?"

प्रणालीने रकान्यावर बोट ठेवलं.

"अकरा टाका."

"नऊ तं उलटे हायत बेटा. तू जे म्हनलं त्याच्या उलटे."

"मले समजत नाई काय भाई?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "दुसऱ्याईचे पन्नास-पन्नास हायत. दोन टाकले तं मले मुलाखतीलेबी बोलावनार नाईत. मंग कोनाले सांगू, कोन्त्या आठवड्यात फवारनी करू नोका म्हनून?"

शाकीबने अकरा टाइप केलं. शेखर सरांची आली होती तशी हिचीही शिसारी येईल म्हणून तो थांबला. शिसारी आली नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्याने प्रिंट काढून तिच्यासमोर ठेवलं. शेवटच्या ओळीत 'वरील सर्व माहिती खरी आहे' असं आधीच छापलेलं होतं. प्रणालीने त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि त्या ओळीखाली सही केली.