मागच्यापेक्षा कमी

आमच्या खालच्या मजल्यावरचे टेलरकाका जुन्या गिऱ्हाइकाची कंबर मोजली की मागच्या वेळेपेक्षा अर्धा इंच कमीच सांगत. कापड मात्र खऱ्या मापाने कापत. गिऱ्हाईक खूश होई आणि कपडाही अंगाला नीट बसे. याला ते धंदा म्हणत. मी खोटं म्हणते.

त्यांची मांजर ढमी कधी घराबाहेर पडत नसे. ती इतकी फुगली की तिला खिडकीवर उडी मारणं जमेना. प्राण्यांच्या डॉक्टरांनी दोन वेळचं मोजकं खाणं ठरवून दिलं आणि अधलंमधलं सगळं बंद केलं. काकू तसंच करू लागल्या. दर रविवारी काका ढमीच्या पोटाला टेप लावत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून माप ओरडून सांगत. माप उतरत होतं. काकूंचा जीव भांड्यात पडे आणि "किती सोसते गं बाई," म्हणत त्या तिला माशाचा एक तुकडा जास्त घालत.

पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या काट्यावर ढमी आधीपेक्षा जड भरली. घरी येऊन काकूंनी स्वतः टेप लावली.

"अहो, हे काय? पोट तर वाढलंय!"

"तोंडात बसलंय गं," काका म्हणाले. "पोटाला टेप लावली की कमीच निघतं तोंडातून."

काकू टेप गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

"माझंही माप लग्नापासून उतरतच आलंय, नाही का हो?"

काकांनी घाईघाईने मशीन सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं.