बाईंच्या शेजारची जागा

मी शाळेत खिचडी शिजवते. दुसरीच्या बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून मुलं धडा वाचायची तेव्हा त्या मला शेजारी बसवून घ्यायच्या. एखादं मूल अडखळलं की मी त्यांच्या मनगटावर बोट टेकवायचे, मग त्या त्याला थांबवून शब्द पुन्हा वाचायला लावायच्या. माझी चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरायची.

आता टॅब आलाय. मूल वाचतं ते शब्द त्यावर उमटतात आणि चुकलेला शब्द लाल होतो. बाई खुशीत म्हणाल्या, "सुटलात हो सुमनताई!" मी मान हलवली. सुटायचं होतं कुणाला?

माझ्या जागी कुणी माणूस आलं असतं, तर निदान मनातल्या मनात त्याला नावं ठेवली असती. या काचेच्या पाटीला काय बोलणार? पोरंही तिच्यापुढे कशी लाडात येऊन वाचतात.

आज बाईंनी हाक मारली. मी गॅस बंद करून, पदराला हात पुसत धावले.

"ताई, चार्जरची पिन सैल झालीय. या मुलांचं वाचून होईपर्यंत जरा दाबून धरता?"

मी धरली. बाई टॅबकडे बघून हसत होत्या, आणि मी भिंतीशी बसून त्याला वीज पाजत होते.