फक्कीची रेघ

दुष्काळाच्या साली शिक्षिका म्हणून माझी बदली उमरग्याकडच्या एका खेड्यात झाली. शाळेजवळ एका विधवा मावशींकडं खोली मिळाली. गावाखाली नदीवर धरण होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचं काय बुडणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोजणीवाले शिवारात आकडे घातलेले दगड रोवून गेले होते. अर्थ विचारला की म्हणायचे, वरून कळेल.

मावशींची विहीर आटली होती. ती आणखी खोल घ्यायची का, एवढाच त्यांचा प्रश्न. रान पाण्याखाली जाणार असेल तर सुरुंग लावून काय उपयोग? गावात कुणी घराचे पत्रेसुद्धा बदलत नव्हतं. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी बुडिताचं विचारायचे.

मी त्यांच्याबरोबर धरणाच्या ऑफिसात गेले. नकाशा गोपनीय आहे, बोभाटा झाला की दलाल जमिनी लाटतात, असं कारकुनानं समजावलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

पुढं धरणाच्या कामाला मजूर हवे म्हणून तरुण इंजिनियर साहेबांनी चावडीपुढं सभा घेतली. मावशी बायांमधून उठल्या.

"साहेब, माझं रान बुडतंय का न्हाय?"

हुकूम आल्यावर कळवू, साहेब म्हणाले.

"बुडत आसंल तर बुडू द्या. म्या आडवी येत न्हाय. पन मला सांगा. रान माझं हाय."

मग गडीमाणसंही बोलायला लागली. सांगितल्याशिवाय कामावर कुणी येणार नाही, असं ठरलं. साहेबांनी वरिष्ठांना विचारतो म्हटलं, आणि खरंच विचारलं.

काही दिवसांनी ते चुन्याच्या फक्कीची पोती घेऊन आले. दगडापासून दगडापर्यंत, रानांतून, गल्ल्यांतून पांढरी रेघ ओढत निघाले; रेघेखालचं सगळं पाण्यात जाणार होतं. सगळं गाव मागं चालत होतं. एका ठिकाणी रेघ दोन भावांच्या घरांमधून गेली. वरचा भाऊ खालच्याच्या दारात जाऊन नुसता बसला.

मावशींची विहीर रेघेच्या बरीच खाली होती. त्यांनी काठावरून आत वाकून पाहिलं.

"आता कळलं, बाई," मला म्हणाल्या. "आता पुढचं बघता येतंय."

मोबदल्याची भांडणं नंतर कैक वर्षं चालली. मावशींनी मात्र त्याच आठवड्यात विहिरीवरचा रहाट काढून घेतला आणि लेकीच्या गावाला जागा बघायला गेल्या.