बंद खोलीतलं रडणं

आज भरदुपारी पाथर्डीच्या घरी आले, तर बंद खोलीतून धाकट्या बहिणीचं रडणं ऐकू आलं. अंगावर काटाच आला. सुमी तर पुण्याला विद्यापीठाच्या वसतिगृहात असते!

दार ढकललं. आई अंधारात मोबाईल मांडीवर घेऊन बसली होती. मोबाईलमधून सुमीचा रडका आवाज येत होता, "आई, मला इथं न्हाई जमत." आवाज थांबला की ती पुन्हा तेच लावायची.

"कधीचा मेसेज हाय?" मी विचारलं.

"चार दिस झाले. मला कॉलेजातलं काय कळतंय? फोन केला तर अभ्यास मोडंल तिचा."

मीच फोन लावून दिला. आई इतकंच म्हणाली, "सुमे, जेवलीस का?"

पलीकडे सुमीनं नाक ओढलं. मग, "आई, घरी यायला बॅग भरून बसले हुते गं. तुझं उत्तरच न्हाई आलं, वाटलं, तू रागावलीस."

मुलांना शिकायला पाठवलेल्यांनो, आपलं गप्प राहणं तिकडे कसं ऐकू येतं, विचारलंत कधी?