शेख मॅडमची अट

शेख मॅडम कोणत्याही गावात शिरल्या की आधी एखाद्या अनोळखी माणसाला गाठून विचारायच्या, "काका, साप चावला तर कुठं नेता?" नमस्कार नाही, ओळख नाही. पारनेरच्या बाजारात एका कांदेवाल्याने तर दचकून पायाखालीच पाहिलं. मॅडम खळखळून हसल्या आणि कांदे त्याच्याकडूनच घेतले.

त्या नगरच्या, व्यापारी घरातल्या. डॉक्टर झाल्या आणि सर्पदंशाच्या संशोधनात पडल्या. मी त्यांच्या हाताखाली गावोगाव माहिती गोळा करायचो. मी काही ऐकीव सांगायला लागलो की म्हणायच्या, "संजय, गप्पा नको भई, पुरावा दे." पुराव्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा निघत होती. माणसं आधी देवळात नेतात. जी दवाखान्यात येतात त्यांना तिथे विषावरचं इंजेक्शन मिळत नाही, नगरला पाठवतात आणि वाटेतच खेळ संपतो. हे इंजेक्शन जवळच्या आरोग्य केंद्रात ठेवा, यासाठी मॅडमनी मुंबईला मंत्रालयात इतके हेलपाटे घातले की तिथले शिपाईसुद्धा त्यांना चहा विचारू लागले.

शेवटी आदेश निघाला. मॅडमनी पेढे वाटले. आदेशात एक अट त्यांनी भांडून घालून घेतली होती: डॉक्टर समोर असतानाच इंजेक्शन द्यावं. काहींना त्याची जबर रिअ‍ॅक्शन येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "मी जीव वाचवायला निघालेय, घ्यायला नाही," असं त्यांनी बैठकीत ठणकावलं. मला ते फार पटलं होतं.

त्याच पावसाळ्यात, जनावरांसाठी घास कापताना भागाजीच्या बायकोला, लताला, नाग चावला. भागाजी म्हणजे सर्पदंशावरच्या आमच्या गावसभांना पहिल्या रांगेत बसणारा माणूस. त्याने तिला मोटारसायकलवर घालून थेट केंद्रात आणलं. इंजेक्शन होतं. नर्सने ते फ्रिजमधून काढून हातातही घेतलं. पण डॉक्टर नगरला मीटिंगला, फोन बंद, आणि समोर भिंतीवर आदेश चिकटवलेला. तिची हिंमत झाली नाही. तिने लताला अँब्युलन्समध्ये घालून पुढे पाठवलं. लता वाटेतच गेली.

कळताच आम्ही केंद्रात धावलो. औषध हातात होतं! मी नर्सला वाट्टेल ते बोलायला लागलो, तेव्हा मॅडम कशाबशा म्हणाल्या, "तिने माझंच ऐकलं रे."

तिसऱ्या दिवशी त्या भागाजीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. तो म्हणाला, "समदे म्हनत हुते, देवळात न्या. मी म्हनलो, न्हाई, मॅडमनी दवाखाना सांगितलाय. येळ न्हाई घालवला मी."

"भागाजी, डॉक्टर नसताना सुई द्यायची नाही, ही अट मी घातली होती."

मी हादरलो. हे त्या सांगतील असं वाटलंच नव्हतं. भागाजी ताडकन उठला.

"तुमी?" मग आवाज चिरकला त्याचा. "मंग काढा ती. हितं नगा बसू. जावा, काढा!"

मॅडम तशाच उठल्या. पुन्हा मुंबईचे हेलपाटे सुरू झाले, आणि अट निघाली. आता नर्स फोनवर कुठल्याही सरकारी डॉक्टरला विचारून सुई सुरू करू शकते.

पुढच्या पावसाळ्यात त्याच नर्सचा फोन आला. "मॅडम, फोनवर विचारून सुई दिली, बाई वाचली!" मला वाटलं, आता हसतील. "शाब्बास बेटा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि लता गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडल्या.