डेअरीच्या ओट्यावरचा कानमंत्र

ताराबाईच्या पोटात एकदा गोष्ट गेली की ती गेलीच. बोरटेकच्या महिला दूध संस्थेत ती सोळा वर्षं दूध मापायची. लॅक्टोमीटर किटलीत सोडला की कुणी पाण्याचा हात मारलाय ते तिला तेव्हाच कळायचं, पण चारचौघांत तिनं कधी कुणाची अब्रू काढली नाही. खाली वाकून हळूच म्हणायची, "जाईबाई, म्हशीला उद्या पानी जरा कमी पाज." जाईबाई काय समजायचं ते समजायची, आणि चार दिवस दूध नीट यायचं.

अशा बाईनं जन्मात एक गुपित फोडलं. तेही कसं, तर टेम्पोचं इंजिन चालू असताना, गळा ताणून, अख्ख्या डेअरीसमोर. ते का, ते सांगतो.

गुपित मंत्राचं होतं. ताराबाई लग्न होऊन आली त्याच माघात मठाचे महाराज गावात आले. दरसाल यायचे. बायकांनी डोक्यावरून न्हायचं, महाराजांचे पाय धुवायचे, मग एकेकीला पडद्याआड बोलावून ते कानात मंत्र सांगायचे. "हा तुझ्या एकटीचा. दुसऱ्याच्या कानी पडला तर तुझा सगळा जप मातीत, आणि तू नरकात." सोळा वर्षांची पोर, ती काय बोलणार! तेव्हापासून चाळीस वर्षं ती रोज पहाटे माळ ओढायची, ओठसुद्धा न हलवता. नवऱ्यानं थट्टेत कैकदा विचारलं. बिचारा न कळताच गेला.

आता गावाची रीत अशी की ज्या बाईला मंत्र नाही ती निगुरी, आणि एकादशीला निगुरीच्या हातचं पाणी प्यायचं नाही. गावात निगुरी उरली होती एकच, ताराबाईची शेजारीण आणि जिवाची मैत्रीण दगडाबाई. तिचा गुन्हा काय? तर दर दिवाळीनंतर ती ऊसतोडीला जायची. महाराज माघात गावात, दगडाबाई माघात कुठल्याशा फडात मोळ्या बांधतेय. तीस वर्षं हेच. पुढं कंबर गेली, कोयता सुटला, दगडाबाई गावात राहिली, तर तेरा सालचा दुष्काळ येऊन बसला. टँकर चार दिवसांनी यायचा, घराला दोन घागरी. पन्नास बायकांना न्हायला आणि महाराजांचे पाय धुवायला पाणी आणायचं कुठून? मठातून निरोप आला, यंदा येणं नाही.

त्याच माघात दगडाबाईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरनं बजावलं, लांबवू नका. बीडला ऑपरेशनची तारीख मिळाली. जायची सोय सलीमच्या टेम्पोतून. सलीम रोज सकाळी संस्थेचं दूध घेऊन मांजरसुंब्यावरून बीडला जायचा. त्या दिवशी दगडाबाईची सून आधीच टेम्पोत पुढं जाऊन बसली. दगडाबाई पिशवी घेऊन डेअरीच्या ओट्यावर आली आणि तिथंच तिनं बैठक मारली.

"म्या न्हाई जात."

"कावून गं?" ताराबाईनं विचारलं.

"निगुरी मेले तर? वर गेल्यावर कुनाचं नाव सांगू?"

सून विनवून थकली. सलीम म्हणाला, "मावशी, चला की. दूध नासंल, अन् डॉक्टरबी थांबायचा न्हाई." दगडाबाई हलेना.

ताराबाईच्या हातात दुधाचं माप तसंच राहिलं. तिला एकादशी आठवली, एक नव्हे, कितीतरी. तिला बघून दगडाबाई पाण्याचा पेला पुढं करायची, मग तिच्याच ध्यानात यायचं, आणि ती पेला मागं घेऊन हसायची. हसायची, आणि आपण तिला हसू देत होतो! ताराबाईला स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षांचा जप जातोय तर जाऊ दे, असं तिनं मनाशी ठरवलं आणि माप खाली ठेवलं.

"दगडे, कान कर हिकडं."

तिनं मंत्र हळूच सांगितला. दगडाबाई म्हणाली, "आं?"

दगडाबाई दोन्ही कानांनी जड, हळू बोललेलं तिला ऐकू येत नाही, हे ताराबाई त्या घाईत विसरली होती. परत सांगितला. परत "आं?" तेवढ्यात सलीमनं इंजिन चालू केलं. "काय बोलतीस ते मोठ्यानं बोल की," दगडाबाई वैतागली.

मग ताराबाईनं पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ओम नमो नारायणाय!" महाराजांनी तीनदा सांगितला होता, म्हणून तिनंही तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा दगडाबाईनं तोच मंत्र तिच्याही वरच्या आवाजात म्हणून दाखवला.

ओट्यावर किटल्या घेऊन बाराजणी उभ्या होत्या. ताराबाईला वाटलं, आता धरणी फाटणार. धरणी तर दुष्काळानं आधीच फाटली होती. शेवटी जाईबाई बोलली, "अगं बया, ह्यो तर मपला मंत्र हाय."

"मपलाबी," मागून एक म्हणाली. मग आणखी एक. बाराच्या बाराजणींचा तोच निघाला.

"मला तर म्हनले, तुह्या एकटीचा," जाईबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "येऊ दे महाराजाला."

"आता त्यात काय एवढं," सलीम टेम्पोतून म्हणाला. "बारा घरचं दूध एकाच क्यानीत ओतता. कुनाचं कमी झालं का कदी?"

"कमी न्हाई झालं, पातळ झालं," ताराबाई म्हणाली, आणि तिनं सरळ जाईबाईकडं बघितलं. एकदा तोंड उघडलं की असं होतं. ओटाभर हशा पिकला. जाईबाईसुद्धा हसली, न हसून सांगते कुणाला?

"अन् मावशी, मलाबी ऐकू आला, त्याचं काय?" सलीमनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे तुह्याजवळ. दूध नेतोस, तसा त्योबी घेऊन जा," ताराबाई म्हणाली. दगडाबाई उठून टेम्पोत बसली.

दुसऱ्या पहाटे ताराबाई भीतभीतच माळ घेऊन बसली. मंत्र कुठं गेला नव्हता. पण जप काही धड होईना. पहिल्याच मण्याला तोंडात दगडीचं नाव यायचं.

दुपारी सलीम रिकामे क्यान घेऊन आला. "झालं ऑपरेशन, शुद्धीवर आलीया," तो म्हणाला. "भूल चढंपतुर वरडत होती म्हनं. नर्सबाईला पाठ झाला, बाजूच्या चार खाटांनाबी." ताराबाई तिथंच ओट्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसत हसली.

पंधरा दिवसांनी दगडाबाई घरी आली, ती नेमकी एकादशीला. ताराबाई भेटायला गेली, मागं डेअरीवरच्या सगळ्याजणी. दगडाबाईनं घागरीतून पेला भरला, पुढं केला आणि सवयीनं मागं घेतला. ताराबाईनं तिच्या हातातून तो ओढून घेतला आणि घटाघटा प्याली. मग जाईबाईनं हात पुढं केला. मग एकेकजण.

दगडाबाईनं घागर तिरपी करून आत बघितलं. टँकर परवा येणार होता.

"तीस वर्सांत पयल्यांदा एकादशीला मह्या घरचं पानी सरलं," ती म्हणाली, आणि इतकी हसली की टाके दुखायला लागले. पोट धरून ती खाली बसली. ताराबाई आपल्या घरची घागर आणायला गेली.