मेरेचं डुक्कर आणि आशालताबाईंचं ताक

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावच्या आशालताबाईंनी जन्मात कधी अंडंसुद्धा चाखलं नाही; पण शेजारीण मेरेच्या दोन डुकरांना मात्र दोन्ही वेळा जेवू घालायच्या म्हणजे घालायच्याच! मेरेला कॅन्सर निघाला आणि बाईंनी हे काम आपणहून अंगावर घेतलं. या देशात आल्यावर त्यांना गाडी शिकवली ती मेरेनेच. तिला कसं वाऱ्यावर सोडणार?

पण बाईंचे लाड म्हणजे काय सांगावं! परसात गळालेले अ‍ॅव्होकॅडो, शेंगदाण्याचा कूट, वर तुपातला शिरा. डुकरं अशी गुबगुबीत झाली की बाईंना त्यांची दृष्ट काढावीशी वाटे. पहिलं कापायच्या दिवशी मात्र त्या लेकाकडे अल्बनीला पळाल्या.

केमोपासून मेरेचं जेवण सुटलं होतं, अंगावरचे कपडे लोंबायला लागले होते. तिला एकच हवं होतं, लहानपणी खाल्लेलं कुरकुरीत सालीचं, म्हणजे भाजून फुललेल्या कातडीचं पोर्क. रोस्ट झालं. तिने एक घास घेतला आणि ताटली सरकवली.

"सॉरी आशा, नुसतं तेलकट लागतंय."

बाईंनी खाटकाला गाठलं.

तो म्हणाला, "डुक्कर जे तेल खातं, तेच त्याच्या चरबीत उतरतं. मग चरबी मऊ पडते, साल फुलत नाही. बार्ली घाला, साय काढलेलं दूध घाला."

अहो, बाईंच्या घरी दर आठवड्याला लोणी निघायचं आणि ताक गुलाबांना जायचं! आता गुलाब राहिले उपाशी. भिजवलेली बार्ली आणि ताक बघून उरलेल्या डुकराने तोंड वाकडं केलं.

"खा रे राजा, मेरेसाठी खा," बाई विनवायच्या.

"घरात अंडं चालत नाही, आणि चिंता कसली तर चरबीची!" बाईंचे यजमान गुरुनाथराव चिडवायचे.

"तुम्ही गप्प बसा हो!"

हिवाळ्यात दुसरं रोस्ट मेरेच्या ओव्हनमधून निघालं. बाई नाकाला ओढणी लावून दाराशी उभ्या. स्वतः चव बघायची सोय नाही, विचारायचा धीर नाही. मेरेने साल तोडली आणि कडकन आवाज झाला. ती खायला लागली. हळूहळू, पण मन लावून. खाता खाता तिचे डोळे भरून आले. मग तिने रिकामी ताटली पुढे केली.

बाईंनी ओढणी खांद्यावर टाकली, ओव्हनपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने तिला वाढलं.